बहात्तराव्या वर्षीचा बहर

आपल्याकडे ‘कागदी’ हा शब्द सहसा कौतुकाने वापरला जात नाही. कामाचा नुसता देखावा करणारा कागदी घोडे नाचवतो, सरकारी योजना कागदावरच राहते, आणि कागदी फुलांना वास नसतो हे तर शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. माझी हयात बँकेत गेली. चौतीस वर्षं मी कागदांतच वावरलो. कर्जरोखे, गहाणखतं, हुंड्या, वारसाचे दाखले, मुखत्यारपत्रं. माणसाचं घर, शेत, बायकोच्या अंगावरचे दागिने एका सहीनिशी या हातातून त्या हातात गेलेले पाहिले. त्यामुळे कागद निर्जीव असतो यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. कागद माणसाला उभं करतो आणि कागदच माणसाला बसवतो. पण याच कागदातून एखाद्या बाईने अख्खी बाग फुलवावी, तीही ज्या वयात माणसं निरवानिरवीची भाषा बोलू लागतात त्या वयात, हे मात्र मी निवृत्तीनंतरच्या वाचनात पहिल्यांदा पाहिलं. तेव्हापासून ही बाई माझ्या मनातून जात नाही.

ती बाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. दहा जाडजूड खंड आणि त्यांत ९८५ फुलझाडं. प्रत्येक पान काळं कुळकुळीत रंगवलेलं, आणि त्या काळोखातून एकेक फूल देठापानांसकट वर आलेलं. पाहणाऱ्याला प्रथम वाटतं, ही चित्रं आहेत. मग वाटतं, नाही, खरीच फुलं दाबून चिकटवली असावीत. दोन्ही अंदाज चुकतात. ती कागदाची कात्रणं आहेत. कात्रीने कापलेले रंगीत कागदाचे शेकडो बारीक तुकडे, एकाशेजारी एक, एकावर एक लावून केलेली. करणाऱ्या बाईंचं नाव मेरी डिलेनी. त्यांचा जन्म १४ मे १७०० चा. हे काम त्यांनी सुरू केलं १७७२ मध्ये. म्हणजे वय किती झालं, ते वाचकांनीच मोजावं. शतकाबरोबर जन्मलेल्या माणसाचं हे एक बरं असतं, हिशोब सोपा जातो.

‘साठी आणि बुद्धी नाठी’ असं म्हणणाऱ्या आपल्या समाजाला बहात्तराव्या वर्षी नवी कला शोधून काढणारी ही बाई समजून घ्यायची असेल, तर आधीची बहात्तर वर्षं पाहायला हवीत.

मेरी मूळची ग्रॅनव्हिल घराण्यातली. घराणं खानदानी, पण ही धाकट्या पातीची, हाती फारसं काही नसलेली मंडळी. मुलीला राणीच्या पदरी मानकरीण म्हणून नोकरी मिळेल अशा बेताने आत्याने तिला लंडनमध्ये वाढवलं. फ्रान्सहून धर्मछळाला कंटाळून आलेल्या एका बाईंच्या छोट्या शाळेत ती जात असे. तिथे ती कागदाची फुलं आणि पाखरं कापायची. बरोबरीची एक मुलगी ती उचलून घ्यायची आणि खिशात चुरगळू नयेत म्हणून आपल्या कपड्यांवर टाचणीने लावून मिरवायची. मेरीने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत हे आहे. त्याच आठवणींत आणखी एक प्रसंग आहे. मेरी दहा वर्षांची असताना थोर संगीतकार हँडेल घरी आले आणि तिच्या छोट्या वाद्यावर त्यांनी वाजवून दाखवलं. ते जाताच ही पोर त्याच वाद्यावर बसली. तुला काय हँडेलसारखं वाजवता येईल असं वाटतं, असं थट्टेने विचारल्यावर तिने सांगितलं, की तसं वाटलं नसतं तर मी हे वाद्य जाळूनच टाकलं असतं! पोर अशी तिखट होती.

पण १७१४ मध्ये अ‍ॅन राणी वारली, नवा राजा आला, आणि मेरीचं घराणं ज्या पक्षाच्या बाजूला होतं त्याचे वासे फिरले. वडिलांनी शहर सोडलं, नोकरीचं स्वप्न संपलं. तीन वर्षांनी बडे काका मदतीला धावले. मदत कसली? आपले एक स्नेही, कॉर्नवॉलचे जमीनदार अलेक्झांडर पेंडार्व्हिस, यांच्याशी त्यांनी पुतणीचं लग्न जुळवलं. मुलगी सतरा वर्षांची, नवरदेव साठीच्या घरातले. लठ्ठ, संधिवाताने जखडलेले, संशयी आणि पुढे पुढे दारूच्या आहारी गेलेले. लग्न १७१८ मध्ये झालं. देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं १८९९ मध्ये, म्हणजे त्यानंतर एकशेएक्क्याऐंशी वर्षांनी. आपल्या शारदेला भुजंगनाथाच्या हाती पडण्याआधी निदान कोदंड तरी भेटला. मेरीला कोणी भेटला नाही. आपल्याला जणू बळी दिलं गेलं, अशा अर्थाचं तिने पुढे लिहून ठेवलं आहे. जरठ-कुमारी विवाह ही काही आपलीच मिरास नव्हती, हे यातून कळतं. बाईच्या नशिबाचे कागद सगळीकडे दुसरेच लोक लिहीत होते.

सात वर्षांनी, १७२५ मध्ये, पेंडार्व्हिस लंडनमध्ये झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी त्यांना एकाएकी बायकोचा पुळका आला होता. तुझं चांगलं करतो, मृत्युपत्र आण, आत्ताच सही करतो, असं ते म्हणाले. मेरी म्हणाली, आता नको, आधी घरी चला, उद्या करा. तो उद्या उजाडला नाही. सही राहिली, आणि मोठ्या इस्टेटीऐवजी चोविशीतल्या विधवेच्या हाती बेताची वार्षिक नेमणूक आली. बँकेत माझ्या टेबलासमोर अशा किती बायका बसून गेल्या असतील! नामनिर्देशन राहून गेलेलं, सही राहून गेलेली, ‘हे करणारच होते’ असं सांगणाऱ्या. मेरीची हकिकत वाचताना त्या सगळ्या माझ्या डोळ्यांपुढून गेल्या.

पुढची अठरा वर्षं मेरी पेंडार्व्हिस एकटी राहिली. नातेवाइकांकडे, मैत्रिणींकडे, पण आपल्या मताने. मागण्या आल्या, त्या परतवल्या. आयर्लंडला गेली, तिथे ‘गलिव्हर’वाल्या जोनाथन स्विफ्टशी ओळख झाली, त्याच्याशी पत्रव्यवहार जमला. स्विफ्टच्या गोतावळ्यातच पॅट्रिक डिलेनी नावाचे एक धर्मोपदेशक होते. ते विधुर झाल्यावर त्यांनी मेरीला मागणी घातली. कुळाने ते हलके, म्हणून घरच्यांनी नाकं मुरडली. मेरी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती. तिने हो म्हटलं. १७४३ सालचं हे लग्न मात्र तिने स्वतः केलेलं होतं.

डब्लिनजवळ डेलव्हिल नावाचं त्यांचं घर होतं. तिथली पंचवीस वर्षं ही डिलेनीबाईंच्या आयुष्यातली खरी सुखाची. दोघांना बागेचं वेड. बाई बागकाम करीत, चित्रं काढीत, भरतकाम करीत, शिंपले बसवून छत आणि भिंती सजवीत. त्यांच्या भरतकामाचा एक नमुना प्रसिद्ध आहे. काळ्या सॅटिनच्या दरबारी पोशाखावर खरीखुरी वाटावीत अशी बागेतली आणि रानातली फुलं त्यांनी विणली होती. तो पोशाख दुसऱ्या लग्नाच्या आधीचा. काळ्यावर फूल कसं उठून दिसतं, हे त्यांच्या बोटांना तीस वर्षं आधीच कळलं होतं म्हणायचं.

या सुखालाही कागदाने गाठलंच. डिलेनींच्या पहिल्या बायकोच्या मृत्यूनंतर त्यांच्या हातून एक जुना दस्तऐवज जाळला गेला होता. तिच्या आधीच्या सासरच्या मंडळींनी त्यावरून दावा लावला. मुद्दाम पुरावा नष्ट केला असा आरोप झाला, खालच्या न्यायालयाचा निकालही विरुद्ध गेला. कोर्टकज्ज्यात सुमारे दहा वर्षं गेली. शेवटी १७५८ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये डिलेनींच्या अब्रूवरचा डाग धुऊन निघाला. पण तोवर पैसा आणि प्रकृती दोन्ही खर्ची पडली होती. १७६१ मध्ये बाईंची जिवाभावाची धाकटी बहीण अ‍ॅन गेली, १७६८ मध्ये पॅट्रिक गेले. अडुसष्टीच्या उंबरठ्यावर दुसरं वैधव्य आलं. मूलबाळ नव्हतं. आणि गंमत अशी, की ज्या हातांनी इतकं विणलं, रंगवलं, ते हातच आता चालेनात. कौतुक करणारं माणूस गेल्यावर करायचं कोणासाठी?

हा प्रश्न मी काल्पनिक म्हणून विचारत नाही. पुढे १७७९ मध्ये आपल्या फुलांच्या संग्रहाला त्यांनी एक छोटी प्रस्तावना लिहिली. तिच्यात सांगितलं आहे, की पूर्वी ज्या गोष्टींत आनंद वाटे त्यांतला आनंदच संपला होता. ज्याच्या पसंतीने त्या गोष्टींना मोल येत असे ते माणूस राहिलं नव्हतं. ती पोकळी भरून काढायला म्हणून हे काम हाती घेतलं. (तिथे त्या आरंभाचं वय चौऱ्याहत्तरावं वर्ष असं लिहितात. पण फुलांची नक्कल करण्याची नवी रीत आपल्याला सापडली आहे, असं त्यांनी भाचीला कळवलं ते पत्र १७७२ च्या ऑक्टोबरमधलं आहे. तारखा ताडून पाहण्याची बँकेतली खोड जात नाही!) कलावंताच्या प्रेरणेविषयी आपण फार मोठमोठं बोलतो. या बाईंनी साधं सांगितलं. दुःख होतं, वेळ जात नव्हता, हाताला काम हवं होतं.

आता ती रीत सापडली कशी, ते सांगतो. पोर्टलंडची डचेस मार्गारेट ही त्यांची जुनी मैत्रीण, तीही विधवा. बकिंगहॅमशर परगण्यात बुलस्ट्रोड इथे तिचा प्रचंड वाडा होता. डिलेनीबाई उन्हाळ्याचे महिने तिथे काढू लागल्या. एके दिवशी टेबलावर लाल रंगाचा एक कागद पडला होता आणि समोर जिरेनियमचं फूल होतं. दोहोंचा रंग एकच आहे असं त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कात्री घेतली आणि त्या कागदाच्या पाकळ्या कापल्या. इतक्यात डचेस आत आली आणि ‘अगं, फूल का कुस्करतेस?’ अशा अर्थाचं काही बोलली. तिला त्या पाकळ्या खऱ्याच वाटल्या होत्या. घराण्यात सांगितली जात आलेली ही गोष्ट आहे. पण हे त्या एका दुपारी घडलं असं म्हणणं पुरतं खरं नाही. शाळेतली टाचणीने लावलेली पाखरं, काळ्या सॅटिनवरचं भरतकाम, डेलव्हिलची बाग, शिंपल्यांचे तुकडे जुळवण्याची सवय, हे सगळं त्या कात्रीच्या टोकाशी येऊन थांबलेलं होतं. आवर्त ठेवीसारखं. महिन्याला थोडं थोडं पडत असतं, आपल्याला त्याची जाणीवही नसते, आणि मुदत भरली की एकदम हाती येतं.

त्यांची काम करण्याची पद्धत अशी. आधी एक कागद काळ्या रंगाने रंगवून घ्यायचा. खरं रोप समोर ठेवायचं. फूल उलगडून पाहायचं. पाकळ्या किती, केसर किती, देठावर लव आहे का, पानाची शीर कुठून निघते. मग रंगीत कागद निवडायचे. भिंतीचे कागद रंगवणाऱ्यांकडचे, कधी रंग फुटून फुकट गेलेले, तर कधी चीनहून येणाऱ्या जहाजांवरून आलेले. हवी ती छटा न मिळाल्यास स्वतः रंगवून घ्यायची. कात्री, बारीक सुरी आणि दाभणासारखी टोकदार सुई ही हत्यारं. आधी पेन्सिलने आकृती काढून मग कापणं, हा प्रकार त्या करीत नसत असं म्हणतात. डोळ्यांनी पाहायचं आणि सरळ कात्री चालवायची. फिक्या पाकळीवर गडद सावलीचा तुकडा, त्यावर उजेडाची बारीक चीर. एका पानात हिरव्याचे पाच-सहा प्रकार. केसर तर धाग्यासारखे. फूल नेहमी खऱ्याच मापाचं. मग कोपऱ्यात आपली आद्याक्षरं, खाली वनस्पतीचं नाव, आणि मागच्या बाजूला तारीख, ठिकाण आणि ते रोप कोणी दिलं त्याचं नाव. म्हणजे पुढून बाग आणि मागून खतावणी. ही खतावणी पाहून माझ्यासारख्या माणसाचा ऊर भरून येतो, हे सांगायला नकोच.

त्यांच्या एका फुलाविषयी मराठी वाचकाला विशेष जवळीक वाटेल. ते आहे आपल्या कृष्णकमळाच्या कुळातलं. आपली आजी कृष्णकमळ हाती देऊन सांगायची, या भोवतालच्या झिरमिळ्या म्हणजे शंभर कौरव, मधले पाच म्हणजे पांडव आणि वरचे तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. युरोपातल्या ख्रिस्ती आजीला त्याच फुलात येशूच्या शिरावरचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे दिसत आले. फूल एक, पुराणं दोन. डिलेनीबाई धर्मोपदेशकाची पत्नी, पण त्यांनी त्या फुलात कथा पाहिली नाही, त्याच्या झिरमिळ्या पाहिल्या. त्या एका फुलासाठी त्यांनी कागदाच्या २३० हून अधिक पाकळ्या आणि झिरमिळ्या कापल्या आहेत. एका फुलासाठी, सत्तरी उलटलेल्या बोटांनी.

दुसरं एक रोप आहे ते रसभरीचं चुलत भावंडं. इंग्रजीत त्याला ‘विंटर चेरी’ म्हणतात. आकाशकंदिलासारखा त्याचा फळकोश सुकला की त्याची नुसती जाळी उरते, आपल्या पिंपळपानासारखी. वहीत पिंपळपान ठेवून त्याची जाळी होण्याची वाट पाहिली नाही असं मराठी घर नसेल. डिलेनीबाईंनी या चित्रात ती खरीच जाळी आणून लावली. सगळं कागदाचं, आणि त्यात एक खरं. बाईंना थट्टा कळत होती.

ही नुसती म्हाताऱ्या बाईची करमणूक होती, असं कोणाला वाटू नये. तो काळ वनस्पतिशास्त्राच्या भरभराटीचा होता. स्वीडनच्या लिनियसने १७५३ मध्ये आपला मोठा ग्रंथ काढून वनस्पतींना दोन शब्दांची नावं देण्याची रीत पक्की केली होती. त्याच्या पद्धतीत फुलाचा वर्ग ठरे तो मुख्यतः केसरांच्या संख्येवरून. म्हणजे केसर पाच की सहा हा हौसेचा प्रश्न राहिला नव्हता, शास्त्राचा झाला होता. लिनियसचाच शिष्य सोलँडर बुलस्ट्रोडला येत असे. कॅप्टन कुकच्या जहाजावरून पृथ्वीप्रदक्षिणा करून १७७१ मध्ये परतलेले जोसेफ बँक्स हे डिलेनीबाईंच्या ओळखीचे होते. काही चूक होईल ही भीती न बाळगता ज्यावरून वनस्पतीचं शास्त्रीय वर्णन करता येईल अशी निसर्गाची नक्कल आपण या बाईंच्याच कामात पाहिली, असं बँक्स म्हणाल्याची नोंद आहे. विद्यापीठाचा दरवाजा ज्या काळात बायकांना बंद होता, त्या काळात एका बाईने कात्रीच्या बळावर मिळवलेलं हे प्रमाणपत्र आहे.

राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांनी ही फुलं पाहिली आणि राजाने क्यूच्या शाही उद्यानातून दुर्मीळ रोपं फुलावर आली की बाईंकडे पाठवण्याची व्यवस्था केली. १७८१ मध्ये राणीने त्यांना एक भरतकाम केलेली पेटी भेट दिली. आत काय? सुरी, कात्री, पेन्सिल, पट्टी, कंपास, दाभण. कारागिराला शाल-नारळ देण्यापेक्षा हत्यारं देणारी राणी मला फार समजूतदार वाटते.

बाईंचा संकल्प हजार फुलांचा होता. दहा वर्षांत ९८५ झाली. सरासरी काढली तर वर्षाला अठ्ठ्याण्णव, म्हणजे आठवड्याला जवळजवळ दोन. मग डोळ्यांनी साथ सोडली. १७८२ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी कात्री खाली ठेवली आणि निरोपाची एक छोटी कविता लिहिली. हजाराला पंधरा कमी पडली. ओढूनताणून, जमेल तशी कापून आकडा पुरा करता आला असता. तो त्यांनी केला नाही. वर्षअखेरीचे आकडे फुगवून ‘टार्गेट’ गाठण्याचे प्रकार ज्याने जवळून पाहिले आहेत, त्याला या अपुऱ्या पंधराचं मोल विचारा.

१७८५ मध्ये डचेस वारली. वाड्याचा आसरा संपला. राजाने बाईंना विंडसरला घर आणि वर्षाला तीनशे पौंडांचं निवृत्तिवेतन दिलं. ही रक्कम राणी स्वतःच्या छोट्या बटव्यात घालून सहामाहीला आणून देत असे. उद्देश असा, की सरकारी खात्यातून गेल्यास त्यातून कर कापला जाईल! १५ एप्रिल १७८८ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी, डिलेनीबाई गेल्या.

इथे एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. डचेसचा संग्रह त्या काळी इंग्लंडात अव्वल समजला जाई. शंख-शिंपले, खनिजं, पक्षी, कीटक, प्राचीन वस्तू. १७८६ मध्ये त्याचा लिलाव झाला. तो अडतीस दिवस चालला आणि चार हजारांहून जास्त बोल्यांत सगळा संग्रह दाही दिशांना पांगला. तिच्या आश्रयाला येऊन राहिलेल्या मैत्रिणीची कागदाची फुलं मात्र घराण्यात जपली गेली. बहिणीच्या वंशातल्या लेडी ल्यानोव्हर यांनी बाईंची पत्रं आणि आठवणी १८६१-६२ मध्ये सहा खंडांत छापल्या आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार १८९७ मध्ये हे दहा खंड ब्रिटिश म्युझियमला मिळाले. एक मृत्युपत्र बाईंना सहीअभावी बुडवून गेलं होतं. दुसऱ्याने त्यांचं काम तारलं. उजेडाने रंग उडतात म्हणून ते खंड आज जपून ठेवलेले असतात, पण त्यांची छायाचित्रं म्युझियमने सर्वांसाठी खुली केली आहेत. मीही ती तशीच पाहिली, घरी बसून, दुपारच्या दुपार.

आता कोणी म्हणेल, तिचं काय जातं? मैत्रीण डचेस, झाडं राजाच्या बागेतली, घरात नोकरचाकर. आमच्या बायकांना बहात्तराव्या वर्षीही पोळ्या लाटायच्या असतात. हे म्हणणं खोटं नाही. डिलेनीबाईंना मोकळा वेळ मिळाला तो दुसऱ्या कोणाच्या तरी कष्टांवर, हे विसरून त्यांचं कौतुक करू नये. पण बुलस्ट्रोडच्या वाड्यात मोकळा वेळ असलेल्या बायका काय थोड्या आल्या-गेल्या असतील? कात्री एकीनेच उचलली. वेळ लागतोच, पण नुसत्या वेळाने होत नाही.

बँकेत दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येत. त्यांत कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या वृद्ध स्त्रिया बऱ्याच असत. सही करून झाली तरी त्या लगेच उठत नसत. ‘कसं चाललंय आजी?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘चाललंय. दिवस जात नाही एवढंच.’ हयात असल्याचा दाखला सरकारला हवा असतो, तो आम्ही घेत होतो. पण माणसाला स्वतःलाही कधी तरी तो स्वतःपुरता द्यावा लागतो, आणि त्याला शिक्का कोणत्याच बँकेत मिळत नाही. डिलेनीबाईंच्या फुलांमागे लिहिलेल्या त्या तारखा मला अशा दाखल्यांसारख्या वाटतात.

आणि त्या एकट्या नाहीत. फ्रेंच चित्रकार मातिस १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर फार वेळ उभा राहू शकेना, तेव्हा त्याने खुर्चीत आणि अंथरुणात बसून रंगवलेले कागद कापायला सुरुवात केली. १९५४ मध्ये तो गेला तोवरच्या त्या कात्रणांना आज त्याच्या थोर कामांत जागा आहे. आपल्याकडे शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ मध्ये पूर्ण गेली. त्यानंतर या आंधळ्या चित्रकाराने बोटांनी चाचपत कागद कापून चित्रं केली. त्यांचे शिष्य सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला. कुंचल्याला जे डोळे आणि जी ताकद लागते ती गेल्यावरही कात्री माणसाला सोडून जात नाही, असं दिसतं. कागदाची दीडदमडीची वस्तू, पण पडत्या काळात उपयोगी पडते.

आपल्या घरांतही हे हात आहेत. गणपतीच्या मखराची जाळी ज्या हातांनी घडी घालून कापली, दिवाळीचा कंदील पतंगाच्या कागदाने ज्यांनी मढवला, ते हात आता बहुधा मांडीवर पडून टीव्हीसमोर बसलेले असतात. थर्माकोलने आणि बाजारी तोरणांनी त्यांची सुट्टी करून टाकली. हल्ली थर्माकोलवरही निर्बंध आले आहेत, त्या निमित्ताने त्यांना पुन्हा कामावर बोलवायला हरकत नाही.

आज रविवार आहे. नातवंडांच्या दप्तरात रंगीत कागद आणि बोथट कात्री सापडेल. कुंडीत जास्वंद फुलली असेल तर एक फूल काढून समोर ठेवा आणि नुसतं पाहा. पाकळ्या पाचच निघतील, त्या लगेच मोजून होतील. मधल्या दांडीवरचे केसर मोजायला मात्र चष्मा लागेल आणि एक दुपार पुरणार नाही. पुढच्या रविवारी उरलेले मोजा.